कारखान्यात, लॉजमध्ये कुणी निपचित सापडला तर: ओव्हरडोसची तयारी कशी करावी?

प्रश्न: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. तिन्ही पाळ्या मिळून दोनशेच्या आसपास कामगार. मालकांचीच स्टेशनजवळ एक इमारत आहे, खाली गाळे आणि वर लॉज. तिचाही कारभार माझ्याकडे आहे. आमच्या अमेरिकी खरेदीदाराच्या तपासणी फॉर्ममध्ये यंदा नवा रकाना आला: ओपिऑइडचा, म्हणजे अफूवर्गीय पदार्थाचा, ओव्हरडोस झाल्यास तुमच्याकडे काय व्यवस्था आहे, नॅलोक्सोन हे त्यावरचं उताऱ्याचं औषध ठेवता का? आमच्याकडे तसली नशा करणारं कुणी नाही. औषध आणून प्रथमोपचार पेटीत ठेवलं तर भागेल का?

उत्तर:

नाही भागणार. नॅलोक्सोन ठेवायला माझी हरकत नाही, उलट आग्रहच आहे. पण ते बाहेर काढायची वेळ येण्याआधी तीन गोष्टी झालेल्या असाव्या लागतात. माणूस झोपलेला नाही हे कुणाच्या तरी लक्षात यायला हवं, त्याच्यापर्यंत पोचता यायला हवं आणि त्याचा श्वास चालू ठेवता यायला हवा. या तिन्हींची सोय नसेल, तर पेटीतलं औषध फॉर्म भरण्यापुरतंच उरतं.

मी भूलतज्ज्ञ आहे. मॉर्फिन, फेंटानिल ही अफूवर्गीय औषधं शस्त्रक्रियागृहात माझ्या रोजच्या वापरातली, आणि त्यांच्यावरचा उतारा असलेलं नॅलोक्सोन कायम हाताशी. ही औषधं वेदना शमवतात, पण मात्रा वाढली की मेंदूतलं श्वास चालवणारं केंद्रही मंदावतं. ओव्हरडोसमध्ये माणूस मरतो तो श्वास थांबून. हृदय त्यानंतरही थोडा वेळ चालू असतं. वाचवायला जी काही मिनिटं मिळतात ती तीच. प्राणवायू मिळाला नाही तर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. 108 ची गाडी कितीही वेळेवर निघाली तरी एवढ्या वेळात ती तुमच्या गेटवर येईल अशी आशा धरू नका. संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या वेळी तर शहरातून गाडी काढणंच अवघड असतं. ती मिनिटं तुमच्याच माणसांना सांभाळायची आहेत.

खरेदीदार हे का विचारतो, तेही सांगतो. अमेरिकेत 2022 साली ओव्हरडोसनं सुमारे 1 लाख 8 हजार माणसं गेली, त्यातली जवळपास 82 हजार अफूवर्गीय पदार्थांमुळे, मुख्यतः बेकायदा बनवलेल्या फेंटानिलमुळे. मार्च 2023 मध्ये तिथं नॅलोक्सोनचा नाकात मारायचा फवारा चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी मिळाली. आता तिथल्या अनेक कार्यालयांत, ग्रंथालयांत, हॉटेलांत तो अग्निशामकाच्या शेजारी टांगलेला दिसतो. तोच प्रश्न तुमच्या फॉर्ममध्ये आला आहे. आपली परिस्थिती वेगळी आहे, म्हणून तिथली व्यवस्था जशीच्या तशी उचलून चालणार नाही.

‘आमच्याकडे तसली नशा करणारं कुणी नाही’ हे वाक्य मात्र मनातून काढून टाका. केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या आणि 2019 मध्ये जाहीर झालेल्या पाहणीनुसार देशात 10 ते 75 वयोगटातले सुमारे सव्वादोन कोटी लोक अफूवर्गीय पदार्थ घेतात. त्यात गर्द (हेरॉइन) घेणारे आहेत, डोडा-अफू घेणारे आहेत, आणि दुखण्याच्या गोळ्या किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध नशेसाठी घेणारेही आहेत. अशा पदार्थांच्या विळख्यात सापडलेल्यांची संख्या ज्या राज्यांत मोठी आहे, त्यांत महाराष्ट्राचं नाव आहे. तुमच्या गेटवर सूत घेऊन येणारा लांब पल्ल्याचा ट्रकचालक आठवा. आठ-आठ तास मागापुढं उभं राहून कंबर धरलेला आणि ‘ती पांढरी गोळी’ मागून घेणारा विणकर आठवा. ट्रामाडॉल ही अशीच एक अफूवर्गीय वेदनाशामक गोळी; 2018 पासून ते एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आलं, तरी ते लोकांच्या खिशातून काही गेलेलं नाही. हे लोक स्वतःला नशेबाज समजत नाहीत. विचारलंत तर ‘अंगदुखीची गोळी आहे साहेब’ म्हणतात, आणि ते खरंही असतं.

आणखी एक गट कायम नजरेआड राहतो. आपल्या जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. सोलापुरात उपचारासाठी आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तुमच्यासारख्या लॉजवर उतरतात. शेवटच्या टप्प्यातल्या कर्करुग्णाला घरी मॉर्फिनच्या गोळ्या किंवा फेंटानिलची पट्टी देतात, आणि ते योग्यच आहे. वेदना सोसत राहणं हा काही उपचार नव्हे. पण जुनी पट्टी काढायची विसरून वर दुसरी लावली, पट्टीवर गरम पाण्याची पिशवी ठेवली, किंवा नातवानं गोळी खाऊ समजून तोंडात टाकली, की घरबसल्या ओव्हरडोस होतो. तिथं नशेचा काहीएक संबंध नसतो. गृहनिर्माण संस्थांच्या सचिवांना मी हे आवर्जून सांगतो: इमारतीत असा रुग्ण असेल तर त्याच्या घरच्यांना ‘काही लागलं तर रात्रीही हाक मारा’ एवढं सांगून ठेवा. वापरलेली पट्टी चिकट बाजू आत दुमडून लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी टाकायला सांगा. आणि अशा रुग्णाला नॅलोक्सोन द्यायची घाई करू नका. श्वास बरा चालू असेल तर आधी त्याच्या डॉक्टरांना फोन करा; नाहीतर दबलेली सगळी वेदना एका क्षणात उसळून वर येते.

आता सोलापूरची खरी अडचण. इथं ‘ड्रग्ज’ म्हटलं की लोकांच्या तोंडी एमडी येतं. 2023 मध्ये चिंचोळी एमआयडीसीत पोलिसांचा छापा पडला त्यानंतर तर जास्तच. एमडी म्हणजे मेफेड्रोन, हे उत्तेजक आहे. त्यानं माणूस बडबडतो, घामानं निथळतो, छाती धडधडते, अंग तापतं. त्यावर नॅलोक्सोन चालत नाही. दुसरी आपली जुनी डोकेदुखी म्हणजे रसायनाची ताडी. तिच्यात घातलेलं क्लोरल हायड्रेट माणसाला गुंगवतं, श्वासही मंद करतं, पण ते अफूवर्गीय नाही. नॅलोक्सोनचा तिथं काडीचा उपयोग नाही. झोपेच्या गोळ्या आणि दारू यांचंही तसंच. आणि प्रत्यक्षात येतं ते सगळं मिसळलेलं: संध्याकाळी ताडी, वर दुखण्याची गोळी, त्यावर झोपेची गोळी. हे मिश्रण एकेका पदार्थापेक्षा कितीतरी जास्त धोक्याचं. तुमच्या मुकादमानं याचा छडा लावत बसावं अशी माझी मुळीच अपेक्षा नाही. काय घेतलं हे रुग्णालय बघेल. मुकादमानं फक्त श्वास बघायचा. या एका गोष्टीवर सगळी व्यवस्था उभी करा, म्हणजे ती ताडीलाही उपयोगी पडेल, गोळ्यांनाही आणि गर्दलाही.

ओळखायचं कसं? अफूवर्गीय ओव्हरडोसच्या तीन खुणा सगळीकडे शिकवतात: हाक मारून, हलवून जाग येत नाही, श्वास मंद किंवा बंद, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. यातल्या पहिल्या दोन पुरेशा आहेत. बाहुल्या बघायला टॉर्च शोधत बसू नका. शिवाय आपल्या भागात बाहुल्यांवर विसंबणं धोक्याचं, कारण शेतातल्या फवारणीच्या विषानंही त्या तशाच बारीक होतात. फरक असा की विषबाधेत तोंडातून लाळ-फेस गळतो, घाम सुटतो, औषधाचा उग्र वास येतो. मे महिन्यात डाइंगमध्ये किंवा बॉयलरजवळ कोसळलेल्याचं अंग भाजल्यासारखं तापलं असेल तर आधी उष्माघात धरा आणि त्याला गार करा. मधुमेही असेल तर साखर उतरलेली असू शकते. हे सगळं लक्षात नाही राहिलं तरी चालेल. जाग नाही आणि श्वास बरोबर नाही, एवढं दिसलं की कामाला लागायचं.

एका यंत्रमाग शेडमधल्या प्रशिक्षणात मी जमिनीवर आडवा झालो आणि रात्रपाळीच्या जॉबरला, म्हणजे मागांची देखभाल करणाऱ्याला, माझा श्वास तपासायला सांगितला. पुस्तकात लिहिलेलं असतं तसा तो माझ्या तोंडाशी कान नेऊन ऐकायला लागला. मागांच्या खडखडाटात त्याला काय ऐकू येणार! मग शर्टाची दोन बटणं काढून पोटाकडं बघायला सांगितलं, एक हात बरगडीखाली ठेवायला सांगितला आणि दुसऱ्या हाताची मागची बाजू नाकापाशी. तेव्हा त्याला श्वास मोजता आला. तुमच्या शेडमध्ये असाच सराव करून घ्या, माग चालू ठेवून. पंधरा सेकंद मोजायचं. या वेळात निरोगी माणसाचे तीन ते पाच श्वास होतात. दोन किंवा त्याहून कमी झाले तर गोष्ट गंभीर आहे. ओठांच्या आतली बाजू आणि नखं बघा. सावळ्या माणसात निळेपणा चेहऱ्यावर दिसत नाही, तो हिरड्यांवर आणि नखांखाली राखाडी छटेत दिसतो.

आणि घोरणं. माझा सगळ्यात जास्त जोर इथं आहे. जीभ मागं पडून अर्धवट बंद झालेल्या घशातून घरघर, गुरगुर असा आवाज येतो, आणि आजूबाजूचे म्हणतात, ‘जास्त झालीय, झोपू दे, सकाळी उतरेल.’ रात्रपाळीत सुताच्या पोत्यांवर डुलकी काढणं नेहमीचंच, त्यामुळं कुणाला वावगं वाटत नाही. सकाळी पाळी बदलताना उठवायला जातात तेव्हा अंग गार पडलेलं असतं. झोपलेला माणूस हलवल्यावर कुशीवर वळतो, शिवी देतो, हात झटकतो. जो यातलं काहीच करत नाही तो झोपलेला नाही. रात्रपाळीच्या प्रत्येक मुकादमाला आणि लॉजच्या प्रत्येक वॉचमन मामांना एवढं पाठ हवं. खांदे गदागदा हलवा, नावानं हाक मारा, छातीच्या मधल्या हाडावर बोटांच्या पेरांनी जोरात घासा. ‘साहेबांची झोपमोड झाली तर’ हा संकोच कायमचा सोडा. झोपमोड झाली म्हणून कुणी ओरडलं, तर ते माझ्या नावावर खपवा.

जाग आली नाही तर एकानं 108 ला फोन लावायचा, स्पीकरवर ठेवायचा, ‘माणूस बेशुद्ध आहे, श्वास नीट घेत नाही’ असं सांगून गेटची खूण द्यायची, आणि गेटवर एक माणूस पाठवायचा. दुसऱ्यानं त्याच वेळी रुग्णाला उताणं करून कपाळ मागं, हनुवटी वर करायची. पुष्कळदा एवढ्यानंच घसा मोकळा होऊन श्वास सुधारतो. श्वास मंद असेल तर दर पाच सेकंदांना एक श्वास द्या, छाती वर येईल इतकाच. श्वास अजिबात नसेल किंवा मासा तडफडावा तशा अधूनमधून उचक्या येत असतील तर छातीचे 30 दाब आणि 2 श्वास, थांबू नका. तोंडाला तोंड लावायला लोक कचरतात, ते मी समजू शकतो. पेटीत झडप असलेला मास्क ठेवा, म्हणजे कचरण्याचं कारण उरत नाही. श्वास आपसूक नीट चालायला लागला की कुशीवर वळवा, म्हणजे उलटी झाली तर ती घशात जाणार नाही.

काय करायचं नाही तेही सांगून ठेवा. कांदा फोडून नाकाला लावणं, चप्पल हुंगवणं, लिंबूपाणी नाहीतर मिठाचं पाणी पाजणं, डोक्यावर बादली ओतणं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात घातलेलं काहीही थेट फुप्फुसात जातं. हातमोजे जरूर घाला, पण फेंटानिलला हात लागला तर आपणच पडू या भीतीनं लांब उभं राहू नका. त्वचेला नुसता स्पर्श होऊन असं होत नाही.

आता दारं. लॉजमध्ये माणसं दोन ठिकाणी सापडतात: खोलीत आणि संडासात. तुमच्या खोल्यांना आतून कडी असेल तर मास्टर किल्ली शोभेची ठरते. आतल्या कड्या काढून बाहेरून किल्लीनं उघडता येईल असं कुलूप बसवा. संडासाचं दार आत उघडणारं असेल तर कोसळलेला माणूस त्यालाच अडकतो आणि दार तसूभरही सरकत नाही. ते बाहेर उघडणारं करून घ्या. सुताराचं दिवसभराचं काम आहे. कारखान्यातल्या संडासांनाही हेच लागू. लॉजमध्ये बारा वाजता खोली सोडायची असताना दार वाजवून उत्तर नाही, तर ‘अजून तासभर बघू’ म्हणायचं नाही. दोनदा दार वाजवा, फोन लावा, मग साक्षीला एकजण घेऊन दार उघडा. हे नियमाच्या पाटीवर लिहून गिऱ्हाईकाला दिसेल असं लावा, म्हणजे पोऱ्याला भीती राहणार नाही. लॉजवर येऊन जाणूनबुजून गोळ्या खाणारेही असतात. त्यांच्याशी रागावून, दरडावून बोलू नका. वाचलेल्या माणसाला पहिला आवाज कुणाचा ऐकू येतो, याला फार किंमत आहे.

आता नॅलोक्सोन. ते राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. आपल्याकडे सहज मिळतं ते इंजेक्शन, 0.4 मिलिग्रॅमची काचेची कुपी. मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत देतात, गरज पडली तर कपड्यांवरूनही. दोन-तीन मिनिटांत श्वास सुधारला नाही तर दुसरी मात्रा, आणि या सगळ्या वेळात श्वास देणं चालूच. अफूवर्गीय काही नसेल तर त्यानं नुकसान होत नाही, म्हणून शंका असली तरी देता येतं. पण ते डॉक्टरांच्या चिठ्ठीचं औषध आहे आणि सुई कुणीही उचलावी असं नाही. 1948 च्या कारखाने कायद्याखाली पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना परिचारिकेसह उपचार कक्ष (ॲम्ब्युलन्स रूम) ठेवावा लागे. तुमची संख्या तेवढी नाही. तेव्हा तुमच्या कारखान्याचे जे डॉक्टर असतील त्यांच्याकडून लेखी सूचना घ्या: कुणी द्यायचं, किती, केव्हा, नोंद कुठं. ज्या पाळीत कंपाउंडर किंवा परिचारिका नाही, तिथं इंजेक्शनचा हट्ट धरू नका. मास्क आणि शिकवलेले दोन हात त्या पाळीला वाचवतील. नाकातला फवारा डॉक्टरांमार्फत मिळाला तर उत्तमच. तो शिकवायला दहा मिनिटं पुरतात.

कुपी शेडमध्ये ठेवू नका. उन्हाळ्यात आपल्या पत्र्याखाली काय तापमान असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. टाइमकीपरच्या खोलीत, उजेड लागणार नाही अशा डब्यात, बिनकुलपी कपाटात ठेवा. सोबत 2 मिलिलिटरच्या सिरिंजा, सुया, मास्क, हातमोजे. मुदत संपायची तारीख डब्यावर मोठ्या अक्षरात.

एक इशारा: नॅलोक्सोनचा अंमल अर्धा ते दीड तास टिकतो. मॉर्फिनच्या लांब पल्ल्याच्या गोळ्या, मेथाडोन यांचा अंमल त्याहून कितीतरी जास्त. शुद्धीवर आलेला माणूस चिडतो, ओकतो, ‘मला काही झालं नाही’ म्हणून उठून चालायला लागतो, आणि तासाभरानं घरी पुन्हा निपचित पडतो. त्याला रुग्णालयात न्यायचंच, सिव्हिलला न्या नाहीतर जवळच्या खासगीत. ट्रामाडॉल असेल तर झटके येऊ शकतात आणि ब्युप्रेनॉर्फिन या व्यसनाच्या उपचारात देतात त्या अफूवर्गीय औषधावर नॅलोक्सोन कमी चालतं, म्हणूनही.

लोक फोन करायला का घाबरतात? पोलिसांना. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत अशा वेळी मदतीला फोन करणाऱ्याला संरक्षण देणारे कायदे आहेत. आपल्याकडे ओव्हरडोससाठी तसा वेगळा कायदा नाही. पण हात बांधलेलेही नाहीत. बेशुद्ध माणसाच्या भल्यासाठी, सद्भावनेनं केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेच्या 30 व्या कलमाचा आधार आहे. पोलिसी सोपस्कारांसाठी उपचार अडवायचे नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलं. रुग्णालय पोलिसांना कळवेल, ते नेहमीचं आहे. आणि व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला तर सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यांपुरतं एनडीपीएसचं 64 अ कलम त्याला खटल्यापासून वाचवतं. मालकांकडून एक ओळ लिहून घ्या आणि हजेरीपटाशेजारी लावा: मदतीला हाक मारणाऱ्याचं आणि ज्याच्यासाठी मारली त्याचं काम जाणार नाही. ही ओळ लागत नाही तोवर मित्र बेशुद्ध मित्राला शेडच्या मागं ओढून ठेवतील. सिव्हिलच्या अपघात विभागात उशिरा आलेल्या अनेकांची हकिगत मी ऐकली आहे; बहुतेकांत उशिराचं कारण हेच होतं.

माणसं कोण शिकवायची? 1948 च्या कारखाने कायद्यापासून चालत आलेलं माप असं, की एका वेळी हजर असलेल्या दर 150 कामगारांमागे एक पेटी, आणि ती प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र असलेल्या, कामाच्या वेळेत कायम हाताशी असणाऱ्या माणसाकडे. प्रत्यक्षात प्रमाणपत्रवाला दिवसपाळीचा क्लार्क असतो आणि रात्री पेटीला कुलूप. प्रत्येक पाळीत किमान दोघं हवेत, शिवाय लॉजचे वॉचमन आणि सफाईच्या मावशी; बंद दारामागची शंका सगळ्यात आधी त्यांनाच येते. सेंट जॉन किंवा रेड क्रॉसचं प्रशिक्षण द्या, आणि दर तीन महिन्यांनी न सांगता एकदा सराव घ्या, तोही पहाटेच्या पाळीत. फॉर्ममध्ये औषधाचं नाव लिहिण्याआधी शिकलेल्या माणसांची नावं, पाळीनुसार, लिहा. कसून तपासणारा खरेदीदार तेच विचारेल.

राहिलं वाचलेल्या माणसाचं. तो उपचार घेऊन कामावर परततो तेव्हाचे पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे, कारण मधल्या काळात शरीराची सवय मोडलेली असते आणि जुनीच मात्रा आता जीवघेणी ठरते. व्यसनमुक्ती केंद्रातून आलेल्याला, तुरुंगातून सुटलेल्याला, दोघांनाही हे लागू. त्याला एकट्यानं रात्रपाळीला उभं करू नका, जोडीदार द्या. त्याची संमती असेल तर घरच्यांना श्वास बघायला शिकवा. व्यसनासाठी 14446 आणि मनाच्या त्रासासाठी 14416 हे सरकारी क्रमांक त्याच्या हातात लिहून द्या. डॉक्टरांनी ब्युप्रेनॉर्फिन चालू केलं असेल तर ‘एक नशा सोडून दुसरी धरली’ असं त्याला ऐकवू नका. तो उपचार आहे आणि तो मधेच बंद पडणं जिवावर बेततं. औषध घ्यायला केंद्रात जाण्यासाठी त्याला सकाळी तासभर लागेल. तो तास हजेरीत धरा, पगारातून कापू नका.